‘आय ॲम हॅविंग’ची सवय : कारण, तपासणी आणि दुरुस्ती

इंग्रजी बोलताना ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘वी आर हॅविंग फोर रूम्स’, ‘शी इज हॅविंग फीवर’ अशी वाक्ये तोंडातून निघून जातात, कोणीतरी ती दुरुस्त करते, आठवडाभर ती थांबतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू होतात. मालवणच्या परिसरात मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते आणि पहिल्या वर्गापासून हीच तक्रार ऐकत आले आहे. वर्गाला येणारी मंडळी बहुतेक पर्यटनाशी जोडलेली आहेत. घरच्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या महिला, किल्ल्यावर माणसे नेणारे होडीवाले, हापूसच्या पेट्या दूरवर पाठवणारे बागायतदार आणि मुलाखतीची तयारी करणारी मुलेमुली असा हा मेळ असतो. वय, शिक्षण आणि व्यवसाय वेगवेगळे असले तरी ‘हॅव’ या क्रियापदापाशी अडखळण्याची जागा सर्वांची एकच आहे.

यातील बहुतेकांना नियम माहीत असतो. ‘हॅव हे मालकी दाखवते तेव्हा ते स्थितिदर्शक क्रियापद असते, म्हणून त्याला आयएनजी लावू नये’ हे वाक्य अनेकांना पाठही असते. तरीही चूक परत येते, याचा अर्थ उपाय चुकीच्या जागी केला जात आहे. माझ्या अनुभवात या चुकीचे मूळ ‘हॅव’मध्ये सापडत नाही, ते आपल्या ‘आहे’मध्ये सापडते, आणि तेथे हात घातल्याशिवाय ती कायमची जात नाही.

चूक नेमकी कोठे तयार होते

शाळेत आपल्याला फार लवकर एक समीकरण शिकवले जाते, ते म्हणजे ‘आहे’ म्हणजे इज, ॲम, आर. ‘मी मुलगा आहे’ आणि ‘हे पुस्तक आहे’ येथपर्यंत हे समीकरण चोख चालते, त्यामुळे ते मनात घट्ट बसते. पुढे ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य इंग्रजीत सांगण्याची वेळ येते तेव्हा काय घडते ते सावकाश पाहावे. ‘मला’साठी ‘आय’ येते. ‘आहेत’ ऐकताच सवयीने ‘ॲम’ येते. मग लक्षात येते की भाऊ असणे हे यात अजून आलेलेच नाही, म्हणून शिकवलेला ‘हॅव’ आठवतो, परंतु ‘ॲम’च्या मागोमाग नुसते ‘हॅव’ कानाला खटकते आणि मेंदू त्याचे ‘हॅविंग’ करून टाकतो. अशी ही चूक तीन पायऱ्यांनी रचली जाते. ‘हॅविंग’ ही तिसरी पायरी आहे. आपण नेहमी तिसरी पायरी पुसतो आणि पहिली दोन तशीच ठेवतो.

मराठीत ‘हॅव’ला समांतर असे एकच क्रियापद नाही. जे आपल्याकडे असते ते आपण ‘असणे’नेच सांगतो आणि ते कोणाचे, कोणाकडे, कोणाला हे नामाला जोडलेल्या प्रत्ययातून किंवा शब्दयोगी अव्ययातून कळते. मालवणीत ‘माका दोन भाव आसत’ म्हणताना ‘माका’ हा शब्दच सगळे काम करतो. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. जुन्या लॅटिनमध्येही ‘मिही एस्ट लिबर’ असे म्हणत असत, त्याचा शब्दशः अर्थ ‘मला आहे पुस्तक’ असा होतो, म्हणजे रचना थेट आपल्यासारखीच होती. इंग्रजीचा मार्ग निराळा पडला. ‘हॅव’ आणि जर्मनमधील ‘हाबेन’ हे एका कुळातील शब्द आहेत आणि त्यांच्या मुळाशी ‘पकडणे, धरणे’ हा अर्थ आहे. इंग्रजी बोलणारा भाऊ, होडी, ताप, वेळ हे सारे जणू हातात धरून असतो, म्हणून वाक्याचा कर्ता नेहमी धरणारा माणूस किंवा धरणारी वस्तू असते. वर्गात मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ‘धरणे’ हा मूळ अर्थ ध्यानात राहिला की पुढचे बरेच वापर आपोआप उलगडतात.

तपासणी : ‘आहे’कडे न पाहता त्याच्या आधी पाहावे

मराठी वाक्य मनात आले की ‘आहे’ बाजूला ठेवावे आणि ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत त्या शब्दाला काही जोडलेले आहे का ते पाहावे. ‘मी होडीवाला आहे’ यात ‘मी’ला काहीही जोडलेले नाही, ‘खोली मोठी आहे’ यात ‘खोली’ला काहीही जोडलेले नाही, म्हणून येथे ॲम आणि इज योग्य आहेत. परंतु ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘खोलीला’, ‘किल्ल्यात’, ‘आमची’ असे काही दिसले तर तो जोड काढून टाकावा, उरलेल्या शब्दाला कर्ता करावे आणि ‘आहे’च्या जागी थेट ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ ठेवावे. ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’ याचे ‘द रूम हॅज टू विंडोज’ होते. ‘माझ्याकडे सुटे पैसे आहेत’ याचे ‘आय हॅव चेंज’ होते. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारे पाणी असताना. होडीवाल्यांना ही गोष्ट पाहुण्यांना सांगावीच लागते आणि तिच्यासाठी ‘द फोर्ट हॅज थ्री फ्रेशवॉटर वेल्स’ एवढे वाक्य पुरते.

एका तरुण होडीवाल्याने ही तपासणी वहीत करायला घेतली. पानाच्या डाव्या बाजूला तो रोज बोलायची मराठी वाक्ये लिहीत असे आणि प्रत्येक जोडाखाली पेन्सिलीने रेघ मारत असे, जसे ‘होडीला नवीन इंजिन आहे’ यातील ‘ला’खाली, ‘आमच्याकडे वीस लाइफ जॅकेट आहेत’ यातील ‘कडे’खाली. ज्या वाक्यात रेघ आली त्या वाक्याच्या उजवीकडे ‘ॲम, इज, आर’ लिहायचे नाही एवढाच त्याचा नियम होता. तीन आठवड्यांनी त्याने वही मला दाखवली, तेव्हा पहिल्या पानांवर ‘बोट इज हॅविंग’ खोडून दुरुस्त केलेले होते आणि शेवटच्या पानांवर खोडाखोड उरलेली नव्हती.

या तपासणीला काही अपवाद आहेत आणि ते आधीच माहीत असलेले बरे. ‘मला भूक लागली आहे’, ‘मला थंडी वाजते आहे’, ‘मला तीस वर्षे पूर्ण झाली आहेत’ येथे ‘मला’ असूनही इंग्रजी ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम कोल्ड’, ‘आय ॲम थर्टी’ असेच म्हणते. भूक, तहान, थंडी आणि वय या गोष्टी इंग्रजी माणूस धरत नाही, तो स्वतःच भुकेला किंवा तीस वर्षांचा असतो. दुसरा अपवाद ‘ही होडी माझी आहे’ या प्रकारचा आहे. समोर दाखवलेल्या ठरावीक वस्तूची मालकी सांगायची असेल तर ‘धिस बोट इज माइन’ म्हणावे. होडी आहे एवढीच माहिती द्यायची असेल तर ‘आय हॅव अ बोट’.

‘हॅविंग’ केव्हा बरोबर असते

‘हॅविंग’ हा शब्द कधीच वापरू नये असे सांगणारे शिक्षक मला पटत नाहीत, कारण तो रोजच्या बोलण्यात वारंवार येतो आणि त्याचा अर्थ पूर्णपणे वेगळा असतो. मालकीच्या जागी तो घातला की वाक्य नुसते अशुद्ध राहत नाही, काही वेळा ते भलतेच सांगते.

तारकर्लीच्या बाजूला घरच्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एका ताईंचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. त्यांच्या घरात आठ महिन्यांचे बाळ होते. रात्री ते रडले तर पाहुण्यांना त्रास होईल या काळजीने त्यांनी खोली नोंदवणाऱ्या एका परदेशी जोडप्याला आधीच संदेश पाठवला, ‘वी आर हॅविंग अ बेबी, सो सम नॉइज’. उत्तरात भरभरून अभिनंदन आले आणि बाळंतपणाची तारीख कोणती, त्या दिवसांत पाहुणे घेणे तुम्हाला जड तर जाणार नाही ना, अशी आपुलकीची विचारपूसही आली. ताई फोन घेऊन वर्गाला आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, ह्येंनी माझा अभिनंदन कित्याक केल्यानी?’’ कारण असे की ‘वी आर हॅविंग अ बेबी’ याचा इंग्रजीतील अर्थ ‘आमच्याकडे बाळ होणार आहे’ असाच आहे. घरात बाळ आहे हे सांगायला ‘वी हॅव अ बेबी’ हवे होते. दोन वाक्यांमध्ये फरक एका ‘आर’चा आणि एका ‘आयएनजी’चा, आणि तेवढ्या फरकामुळे त्या जोडप्याने येणे जवळजवळ रद्द केले होते.

मासळीच्या बाबतीतही असेच होते. ‘वी हॅव सुरमई टुडे’ म्हणजे आज आमच्याकडे सुरमई आहे, तुम्हाला हवी असल्यास मिळेल. ‘वी आर हॅविंग सुरमई टुडे’ म्हणजे आज आम्ही सुरमई खाणार आहोत. जेवणाची चौकशी करणाऱ्या पाहुण्याला दुसरे वाक्य सांगितले तर ते ताट आपल्यासाठी आहे की घरच्यांसाठी, हे त्याला कळत नाही. खाणे, पिणे, आंघोळ करणे, वेळ मजेत घालवणे, बैठक भरवणे, अडचण अनुभवणे अशा अर्थांनी ‘हॅव’ येते तेव्हा ती प्रत्यक्ष चाललेली क्रिया असते आणि तिला ‘हॅविंग’ शोभते, जसे ‘दे आर हॅविंग ब्रेकफास्ट’ म्हणजे ते न्याहारी करत आहेत, ‘वी आर हॅविंग ट्रबल विथ द पंप’ म्हणजे पंप त्रास देत आहे. कसोटी अशी ठेवावी की मराठीत ‘करत आहे’, ‘खात आहे’, ‘होणार आहे’ असे काही म्हणता येत असेल तर ‘हॅविंग’ चालेल. नुसते ‘आहे’ म्हणता येत असेल तर चालणार नाही. आजारपणात थोडी सूट आहे. तापासाठी ‘आय हॅव अ फीवर’ म्हणावे, परंतु छातीत या क्षणी कळा येत असतील तर डॉक्टरांना ‘आय ॲम हॅविंग चेस्ट पेन’ सांगणे अगदी स्वाभाविक इंग्रजी आहे.

खाण्याच्या याच अर्थाने आपल्या रोजच्या ‘जेवलात का?’चे भाषांतर ‘हॅव यू हॅड लंच?’ असे होते. दोन ‘हॅव’ एका वाक्यात पाहून लोक घाबरतात. पहिले केवळ मदतीला आलेले आहे आणि दुसरे ‘जेवणे’ आहे, एवढे समजले की भीती जाते.

‘होते’ आणि ‘हॅड’ : त्याच रोगाची दुसरी बाजू

‘आहे’ची सवय सुटू लागली की बहुतेकांना ‘होते’ची सवय दिसू लागते. ‘काल मी रत्नागिरीला गेलो होतो’ या साध्या वाक्याचे ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू रत्नागिरी’ असे होते, कारण ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ हे आणखी एक समीकरण मनात बसलेले असते. मराठीत ‘गेलो होतो’ म्हटल्याने बहुतेक वेळा एवढेच कळते की गोष्ट होऊन गेली आणि मी आता तेथे नाही. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, कारण त्या रचनेचा उपयोग भूतकाळातील दोन घटनांपैकी आधी घडलेली घटना दाखवण्यासाठी होतो. ‘पाहुणे आले तेव्हा मी बाजारात गेलो होतो’ यासाठी ‘हॅड गॉन’ योग्य आहे. एकटीच घटना असेल तर ‘येस्टरडे आय वेंट टू रत्नागिरी’ म्हणावे आणि थांबावे.

वर्तमानातील ‘हॅव’बाबत असेच एक बंधन पाळावे लागते. घटना घडल्याची ठरावीक तारीख किंवा वर्ष सांगितले की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ काढून टाकावे लागते. हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पत्रकात हे लिहिताना बागायतदार हटकून ‘हापूस हॅज रिसीव्हड द जीआय टॅग इन २०१८’ लिहितात. वर्ष लिहायचे असेल तर ‘हापूस रिसीव्हड द जीआय टॅग इन २०१८’, आणि वर्ष गाळायचे असेल तर ‘हापूस हॅज अ जीआय टॅग’, असे दोनच सरळ मार्ग आहेत.

करून घेणे : येथे मराठी आपल्या मदतीला येते

एका ठिकाणी मात्र मराठीची रचना इंग्रजीच्या इतकी जवळ आहे की तिचा उपयोग करून न घेणे हे नुकसानच आहे. ‘मी होडी दुरुस्त करून घेतली’ यातील ‘करून घेणे’ म्हणजे काम दुसऱ्याने केले, करवले मी. इंग्रजीत यासाठी ‘आय हॅड द बोट रिपेअर्ड’ म्हणतात. गुपित शब्दक्रमात आहे, कारण वस्तू ‘हॅड’ आणि क्रियापद यांच्या मधोमध बसते. तीच वस्तू शेवटी नेली आणि ‘आय हॅड रिपेअर्ड द बोट’ म्हटले तर अर्थ ‘मी स्वतः होडी आधीच दुरुस्त केली होती’ असा होतो. एका शब्दाने जागा बदलली की सुतार वाक्यातून नाहीसा होतो.

किल्ला दाखवणाऱ्यांनी हा फरक आवर्जून लक्षात ठेवावा. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला १६६४ मध्ये सुरुवात झाली. ‘शिवाजी महाराज हॅड बिल्ट धिस फोर्ट’ हे वाक्य मी धक्क्यावर अनेकदा ऐकले आहे. ते अधांतरी राहते, कारण त्यामागे दुसरी घटना नाही. ‘शिवाजी महाराज हॅड धिस फोर्ट बिल्ट’ म्हटले की ‘महाराजांनी हा किल्ला बांधून घेतला’ हे जसेच्या तसे इंग्रजीत उतरते. केस कापणे, आंब्याच्या कलमांवर फवारणी करणे, विहिरीतला गाळ काढणे अशी दुसऱ्याकडून होणारी कामे याच साच्यात बसतात. ‘आय कट माय हेअर’ म्हटल्यास ऐकणाऱ्याला वाटते की तुम्ही आरशासमोर स्वतःच कात्री चालवली, म्हणून ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणावे.

‘हॅव टू’ : येथे चूक जिवावर बेतू शकते

‘जावे लागते’, ‘भरावे लागतील’ यांतील ‘लागणे’ म्हणजे ‘हॅव टू’, आणि एवढ्यापुरते कोणाला फारशी अडचण येत नाही. बोलताना त्याचा उच्चार ‘हॅफ टू’च्या जवळ जातो हे ठाऊक असले की ऐकतानाही ते ओळखू येते. अडचण नकारात आहे आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वांत गंभीर वाटते. ‘होडीत उभे राहायचे नाही’ हे आपण बजावून सांगतो, ती मनाई असते. त्याचे भाषांतर करताना काही जण ‘यू डोन्ट हॅव टू स्टँड’ असे म्हणतात. या इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘तुम्ही उभे राहिलेच पाहिजे असे नाही’ असा होतो. पाहुणा त्यातून एवढेच समजतो की बसणे आणि उभे राहणे हे त्याच्या मर्जीवर आहे, आणि फोटो काढायचा म्हणून तो खुशाल उभा राहतो. एका फेरीत मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. होडी भर समुद्रात हेलकावे खात होती, होडीवाला कळकळीने तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि पाहुणे हसून मान डोलावत उभेच होते, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे तो त्यांची सोय पाहत होता.

मनाईसाठी ‘यू मस्ट नॉट स्टँड’ किंवा त्याहून सोपे ‘प्लीज सिट डाउन, डोन्ट स्टँड’ हेच वापरावे. ‘डोन्ट हॅव टू’ हे ‘गरज नाही’ यासाठी राखून ठेवावे, जसे ‘यू डोन्ट हॅव टू पे नाऊ’ म्हणजे आता पैसे देण्याची गरज नाही. लाइफ जॅकेटविषयी तर ‘यू हॅव टू वेअर इट’ एवढेच वाक्य पाठ करावे, त्याचा नकार बोलण्याची वेळ होडीवर येऊच नये.

प्रश्न विचारताना होणारी ‘डझ शी हॅज’ ही चूक त्या मानाने किरकोळ आहे आणि लवकर सुटते. ‘डझ’ आले की ‘हॅज’मधला शेवटचा आवाज तिकडे निघून जातो आणि मागे ‘हॅव’ राहते. ‘डिड’ आले की ‘हॅड’चेही तसेच होते. विल, कॅन, मस्ट यांच्यानंतरही नेहमी ‘हॅव’च येते.

दुरुस्ती करूनही सवय परत आल्यास

प्रथम हे पाहावे की आपण स्वतःला कोठे थांबवत आहोत. बहुतेक जण ‘हॅविंग’ उच्चारल्यावर जीभ चावतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण चूक ‘ॲम’ म्हणतानाच घडलेली असते. ‘आय’ किंवा ‘वी’ म्हटल्यावर क्षणभर थांबण्याची सवय लावावी आणि त्या क्षणात ‘मी’ आहे की ‘मला’, ‘आम्ही’ आहे की ‘आमच्याकडे’ एवढेच मनाशी विचारावे. चुकून ‘आय ॲम’ निघून गेलेच तर पुढे ढकलून नेऊ नये, वाक्य पहिल्यापासून सुरू करावे. ऐकणारा तेवढा वेळ थांबतो.

नंतर फोन उघडून पाहावा. पाहुण्यांना पाठवण्यासाठी जतन करून ठेवलेली उत्तरे, खोल्यांच्या जाहिरातीचा मजकूर, आंब्याच्या दरपत्रकाखालची ओळ यांत ‘वी आर हॅविंग’ बसलेले असेल तर ते दिवसातून दहा वेळा आपल्याच डोळ्यांसमोरून जाते आणि वर्गात सुटलेली सवय घरी पुन्हा जडते. तेवढ्या ओळी एका बैठकीत बदलून टाकाव्यात. फाटकावरच्या फलकाला तर क्रियापदाचीही गरज नसते, तेथे ‘रूम्स अव्हेलेबल’ पुरेसे आहे. तारकर्लीच्या ताईंनी आपल्या फोनमधील संदेश त्याच संध्याकाळी वर्गात बसून बदलला. आता तो ‘वी हॅव अ लिटल बेबी इन द हाउस, यू मे हिअर हिम ॲट नाइट’ असा आहे.